दोन संगणकांचा अबोला आणि सभासदाचा ऊस



या पत्रिकेत आजवर मी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, पाचट न जाळणे, ठिबक अशा विषयांवर लिहीत आलो. या खेपेला विषय जरा वेगळा आहे. तो शेतातला नाही, ऑफिसातला आहे. पण त्याचा फटका मात्र शेतातच बसतो. आपल्या ऑफिसातील एका संगणकाचे कपाट दुसऱ्या संगणकाला उघडत नाही आणि खिडकीवरचा माणूस "सिस्टीम बंद आहे, उद्या या" म्हणून मोकळा होतो, त्या प्रकाराबद्दल हे चार शब्द आहेत. कोणी म्हणेल, शेतकी डिप्लोमावाल्याने या भानगडीत कशाला पडावे? पडावे लागले, म्हणून लिहितो. चूक माझ्याही पदरात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या हंगामात जानेवारीच्या सुरुवातीला आमच्या एका गटातले एक वयस्क सभासद ऑफिसात आले. बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, माझी लागण आखाडातली. शेजाऱ्याची सुरू लागण तोडून नेली आन् माझा फड तुऱ्यावर उभा हाय. माझं काही चुकलं का?" मी म्हटले, "आबा, तुमचं काही चुकलेलं नसणार. बघतो." आमच्या शेतकी विभागाच्या संगणकावर त्यांची नोंद बरोबर होती. आडसाली, जुलैची लागण, दोन एकर. केनयार्डच्या संगणकावर, जेथून तोडणीचा कार्यक्रम निघतो, तेथे मात्र तीच नोंद सुरू हंगामाची दाखवत होती. मूळ नोंदीच्या वेळी चिटबॉयकडून तारीख चुकली होती, ती आम्ही ऑगस्टातच दुरुस्त केली होती. ती दुरुस्ती केनयार्डला पोचलीच नव्हती.

का पोचली नाही? कारण सप्टेंबरात केनयार्डचा जुना संगणक बदलून नवा आणला गेला, आणि त्या दिवसापासून त्याला शेतकीच्या संगणकातला सामायिक फोल्डर उघडेना. आमचा संगणक लिनक्सवर चालतो, त्यांचा नवा विंडोज ११ वर. "दोन्ही वेगवेगळ्या जातीचे आहेत साहेब, जमत नाही," असे मला सांगण्यात आले. हंगाम तोंडावर होता. मी म्हणालो, "चालतंय, पेनड्राइव्हवर यादी न्या." झाले! त्यानंतर कोणती यादी नवी आणि कोणती जुनी याचा कोणाला मेळ राहिला नाही. कधी तरी एका सायंकाळी जुनी यादी नव्या यादीच्या डोक्यावर बसली आणि आबांची आडसाली लागण कागदावर सहा महिन्यांनी तरुण झाली.

आबांची पाळी नोव्हेंबरात लागायची, ती सात आठवडे लांबली. उसाला तुरा आला की त्याची वाढ थांबते, पुढे वरच्या कांड्या पोकळ पडू लागतात, वजन घटते, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय आपला मुलूख हा असा. मांजरा, तेरणा, सीना या नद्यांची नावे मोठी, पण विहिरीचे पाणी डिसेंबरातच बुडाला जाते. आबांनी हरभऱ्याचे पाणी उभ्या उसाला दिले. ऊस गेला, तेव्हा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकरी सात-आठ टन कमी भरला, आणि हरभराही हातचा गेला. त्याची भरपाई कोणत्या खात्यातून करायची, याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

पुढे एका जाणकार मुलाला बोलावून मी तो फोल्डर दुरुस्त करून घेतला. किती वेळ लागला असेल? अर्धा तास! चार महिने अडलेले काम अर्ध्या तासात झाले. त्या अर्ध्या तासाने माझी झोप उडवली. म्हणून त्या मुलाला शेजारी बसवून मी सारे समजावून घेतले. जे समजले ते तुमच्यापुढे मांडतो. तुमच्यापैकी पुष्कळांची मुले-मुली आज संगणकावर बसतात. केंद्र सरकारने २०२२ साली २,५१६ कोटी रुपये खर्चाची योजना मंजूर करून देशातील ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाचे काम हाती घेतले. म्हणजे हा प्रश्न कारखान्यापुरता राहिलेला नाही, गावच्या सोसायटीच्या ओसरीवर येऊन उभा आहे.

पहिली गोष्ट, "दोन वेगळ्या जातीचे आहेत, जमत नाही" हे खरे नाही. उमरग्याकडच्या आठवडी बाजारात कानडी बोलणारा आणि मराठी बोलणारा यांचा बैलाचा सौदा होतोच ना? दोघांना कळेल अशी बाजाराची एक बोली असते. संगणकांचीही तशी बोली आहे, तिला एसएमबी म्हणतात. १९८० च्या दशकात आयबीएम कंपनीत तिचा जन्म झाला, पुढे मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमध्ये घेतली. विंडोज नसलेल्या संगणकांना ती येत नव्हती. १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने, दोन संगणक तारेवरून एकमेकांशी काय बोलतात हे ऐकत ऐकत ती बोली उलगडली आणि लिनक्स-युनिक्सवाल्या संगणकांना ती बोलता येईल असा प्रोग्राम तयार केला. एसएमबी ही तीन अक्षरे ज्या शब्दात येतात असा शब्द शोधून त्याचे नाव ठेवले सांबा. तो आजही फुकट मिळतो. एकाने खपून केलेले काम साऱ्या जगाने वापरावे आणि पुढे साऱ्यांनी मिळून वाढवावे, हा तर सहकारच झाला! तेव्हा तीस वर्षांहून जुनी सोय हाताशी असताना "जमत नाही" म्हणणे म्हणजे गव्हाणीपर्यंत आलेली गाडी परत पाठवणे होय.

मग अडते कोठे? शेतात पाणी पोचले नाही तर आपण आधी मोटार बघतो, मग पाइप, मग व्हॉल्व्ह, मग बारे. मधूनच दारे धरत नाही. येथेही तोच क्रम ठेवावा.

आधी तार बघावी. दोन्ही संगणक एकाच जाळ्यावर आहेत का, स्विचवरचा दिवा लागतो का, एक संगणक वायफायवर आणि दुसरा वेगळ्याच राउटरवर तर नाही ना? निम्म्या तक्रारी येथेच मिटतात.

त्यानंतर पत्ता. संगणकाला जसे नाव असते तसा आकड्यांचा पत्ताही असतो. वेगवेगळ्या जातीच्या संगणकांना एकमेकांचे नाव कित्येकदा सापडत नाही, आकड्याने मात्र लगेच सापडतात. नावाने न उघडणारा फोल्डर आकड्याने उघडला, तर समजावे की दुखणे नाव शोधण्याचे आहे, फोल्डरचे नाही. त्या आकड्याचा पत्ता कायमचा ठरवून द्यावा. नाहीतर वीज जाऊन आली की तो बदलतो आणि सकाळी पुन्हा बोंब. पत्ता लिहिण्याची रीतही निरनिराळी आहे. विंडोजमध्ये उलट्या तिरक्या रेघा लागतात, लिनक्समध्ये सरळ तिरक्या. एका रेघेपायी आमचा एक कारकून अर्धा दिवस घाम पुसत बसला होता.

तिसरी गोष्ट पहारेकऱ्याची. प्रत्येक संगणकात फायरवॉल नावाचा पहारेकरी असतो. नवा संगणक पहिल्यांदा जाळ्याला जोडला की विंडोज त्या जाळ्याला बहुधा 'सार्वजनिक' धरते, म्हणजे एसटी स्टँडवर बसल्यासारखे कोणाला दार उघडत नाही. आपल्या ऑफिसचे जाळे 'खाजगी' आहे असे त्याला एकदा सांगावे लागते. लोक काय करतात, तर पहारेकऱ्यालाच घरी पाठवतात! तसे करू नये. फक्त या कामापुरती वाट त्याच्याकडून मोकळी करून घ्यावी.

चौथी गोष्ट नाव आणि पासवर्ड. सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. लिनक्सवर बसताना जो पासवर्ड आपण देतो, तोच सांबाला चालतो अशी पुष्कळांची समजूत असते. सांबाची पासवर्डची वही वेगळी असते आणि त्या वहीत माणसाचे नाव वेगळे चढवावे लागते. उलट बाजूने विंडोजचा फोल्डर लिनक्सवरून उघडायचा असेल, तर चार आकड्यांचा पिन चालत नाही, तो त्या संगणकापुढे बसणाऱ्यासाठीच असतो. तेथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला तर विंडोज तारेवरून आतच घेत नाही. आणखी एक खोड अशी, की विंडोज एकदा दिलेला जुना पासवर्ड मनात धरून बसते. आपण नवा बदलला तरी ते जुनाच पुढे करते आणि "परवानगी नाही" म्हणून सांगते. तो जुना पासवर्ड 'क्रेडेन्शियल मॅनेजर' नावाच्या कप्प्यातून काढून टाकला की काम होते.

आमच्या केनयार्डात नेमके काय झाले होते? आमचा फोल्डर नाव-पासवर्ड न मागता, कोणाही 'पाहुण्याला' उघडेल असा ठेवला होता. जुना संगणक त्यावर खूश होता. परंतु २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून ऑफिसात वापरले जाणारे 'प्रो' विंडोज अशा बेनामी दारातून आत जायला तयार नसते, आणि समोरच्या संगणकाची सहीही मागते. म्हणजे नवा संगणक बिघडलेला नव्हता, तो आमच्यापेक्षा शहाणा होता. केनयार्डच्या नावाने सांबाच्या वहीत एक खाते काढले, पासवर्ड दिला, फोल्डर उघडला. अर्धा तास म्हणालो तो हाच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती संपली, त्यामुळे जागोजागी संगणक बदलले जात आहेत. तेव्हा हे दुखणे आणखी पुष्कळांच्या दारी येणार आहे.

पाचवी गोष्ट परवानगीची. येथे दोन कुलपे असतात, एक वाड्याच्या दाराला आणि एक आतल्या कोठीला. फोल्डर सामायिक करताना दिलेली परवानगी ही दाराची. आतील फाइलवर मालक, गट आणि इतर यांना दिलेली परवानगी ही कोठीची. दोन्ही उघडतील तेव्हाच काम होते, आणि दोहोंत जे कुलूप कडक असेल त्याचाच हुकूम चालतो. फोल्डर दिसतो पण फाइल साठवता येत नाही, अशी तक्रार आली की समजावे, दार उघडे आहे, कोठी बंद आहे.

नावांचीही एक गंमत सांगतो. ७/१२ या नावाने फाइल ठेवायला गेले तर कोणताही संगणक घेत नाही, कारण ती तिरकी रेघ त्याला रस्त्याची खूण वाटते. तेथे आडवी रेघच द्यावी. तसेच इंग्रजी मोठ्या अक्षरांतले नाव आणि लहान अक्षरांतले तेच नाव लिनक्सला दोन वेगळ्या फायली वाटतात, विंडोजला एकच. यातून एकाच गटाच्या दोन याद्या तयार होतात आणि कोणती खरी हे कोणाला कळत नाही.

फोल्डर उघडूनही आतले मराठी वाचता न येणे, ही तर आपल्याकडची जुनीच व्याधी. पूर्वी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की सभासदाच्या नावाच्या जागी नुसती खडखडाटी चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच आहे. त्यात टाइप केलेले मराठी विंडोज, लिनक्स आणि मोबाइल या तिन्ही ठिकाणी सारखेच वाचता येते. जुन्या याद्या एकदाच बसून युनिकोडमध्ये घ्याव्यात, दर हंगामाला तेच रडगाणे नको.

सभासदाला नावाने शोधू नये, सभासद क्रमांकाने शोधावे, हेही येथेच सांगतो. आपल्या जिल्ह्याचेच बघा ना! २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. काही याद्यांत जुने नाव, काहींत नवे, आणि संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे जिल्हे. जिल्ह्याची ही गत, तर पासबुकावर एक, आधारवर दुसरे आणि सातबाऱ्यावर तिसरे नाव असलेल्या आपल्या सभासद भगिनींची काय कथा? वारसाने शेअर्स नावावर झाले तरी जुन्या यादीत नवऱ्याचेच नाव राहते आणि बिल बँकेत अडते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, आणि उशीर झाल्यास सालिना १५ टक्के व्याज देण्याची तरतूद त्यात आहे. संगणकाचा अबोला हे काही त्यात उशिराचे कारण म्हणून लिहिलेले नाही!

आता माझ्या मताचा भाग. फोल्डर उघडेना की ऑफिसात तीन आडवाटा निघतात, आणि तिन्ही मला नामंजूर आहेत.

पहिली वाट पेनड्राइव्हची. ती माझीच, म्हणून तिच्याबद्दल बोलण्याचा मला अधिकार आहे. पेनड्राइव्हने यादी जात नाही, यादीची नक्कल जाते. दोन नकला झाल्या की दोन सत्ये झाली. अडचणीच्या एका दिवसापुरती ती ठीक आहे, पण दुसऱ्या दिवशीही तीच वापरली तर समजावे की दुरुस्तीचे काम कोणीच हाती घेतलेले नाही.

दुसरी वाट, फोल्डर सर्वांना सताड उघडा ठेवण्याची. "आपलीच माणसं आहेत, कुलूप कशाला?" असे पुष्कळ जण मोठ्या मनाने म्हणतात. मला विचाराल तर हा सहकाराचा उलटा अर्थ झाला. चार भावांची सामायिक विहीर असते, तिचा हिस्सा सातबाऱ्यावर लिहिलेला असतो, पाण्याची पाळी ठरलेली असते. पाणी प्यायला कोणालाही मोकळीक असते, पण मोटार चालू कोणी करायची हे ठरलेले असते. म्हणून तर ती विहीर भांडणावाचून चालते. नोंदीची यादीही तशीच आहे. काट्याने, केनयार्डाने, लेखा विभागाने, गट ऑफिसने ती वाचावी. दुरुस्ती मात्र शेतकी विभागाच्या ठरलेल्या माणसानेच, स्वतःच्या नावाने करावी, म्हणजे कोणी, कधी, काय बदलले याची खूण राहील. ज्या फोल्डरमध्ये कोणीही येऊन लागणीची तारीख बदलू शकतो, तेथे उद्या वशिल्याचा ऊस पुढे आणि गरिबाचा मागे गेला, तर आपण कोणाला विचारणार? कुलूप हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. लहान सभासदाला ते राखण आहे.

तिसरी वाट सर्वांत घातक. इंटरनेटवर कोठे तरी वाचून कोणी सांगतो, की एसएमबीची जुनी पहिली आवृत्ती चालू करा, म्हणजे सारे उघडते. उघडतेही! पण मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा संगणकाचा रोग याच जुन्या दारातून १५० देशांत शिरला. त्याने फायलींना कुलूप घालून खंडणी मागितली. ब्रिटनमधील सरकारी दवाखान्यांत रोग्यांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्याच वर्षापासून मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोजमध्ये ती पहिली आवृत्ती आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. समजा, गळीत हंगामाच्या मध्यावर आपल्या काट्याच्या संगणकाला असे कुलूप लागले. केनयार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे, तोडलेला ऊस तर चोवीस तासांत गाळला गेला पाहिजे. एखाद्या जुन्या यंत्राला नवी बोली येतच नसेल, तर ते यंत्र बदलावे. त्याच्यासाठी सगळ्या कारखान्याचे दार मोडू नये.

यावर दोन आक्षेप मी ऐकतो. जुने सभासद म्हणतात, "आमच्या वेळी रजिस्टर होतं, शाई होती, काही बिघडत नव्हतं." रजिस्टरचा एक गुण मी मान्य करतो. खाडाखोड डोळ्याला दिसायची. पण गटावरचे रजिस्टर आणि ऑफिसचे रजिस्टर यांचा मेळ बसत नसे, हे त्यांनाही आठवत असेल. दोन नकलांचे दुखणे संगणकाने आणलेले नाही, ते आधीपासूनचे आहे.

तरुण सभासद म्हणतात, "साहेब, आता सगळं मोबाइलवर आलंय, फोल्डर-बिल्डर कशाला?" त्यांनी वारणेकडे बघावे. कोल्हापूरकडच्या वारणानगर परिसरात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. सहकारी संस्था, राज्य आणि केंद्र सरकार यांनी मिळून सुमारे ७० गावांत संगणक नेले. पुढच्या दशकात त्यातल्या सात गावांत मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी संगणकाच्या जागी साध्या मोबाइलचे एसएमएस वापरून पाहिले. कारण असे दिसले होते, की गावातला संगणक मुख्यतः कारखाना आणि गाव यांच्यात ऊस, खत, तोडणीची माहिती ने-आण करण्यापुरताच वापरला जातो आणि ते काम फोनवर कमी खर्चात भागते. यावरून मी इतकेच घेतो, की संगणक असो, फोन असो, साधन गरजेप्रमाणे बदलावे. पण मूळ यादी कोठे राहील, तिच्यात लिहिणार कोण आणि वाचणार कोण, हे ठरवल्याशिवाय कोणतेच साधन उपयोगी पडत नाही. फोनवर आलेली चुकीची तारीखही चुकीचीच.

तेव्हा माझ्या सूचना अशा आहेत, आणि त्या मी व्यवस्थापनापुढेही लेखी ठेवल्या आहेत.

नोंदीची मूळ यादी एकाच ठिकाणी असावी, बाकी सर्वांनी तेथूनच वाचावी. प्रत्येक विभागाला स्वतःच्या नावाचे खाते असावे, बेनामी दार नको. यादीची एक राखीव प्रत रोज सायंकाळी वेगळ्या डिस्कवर काढून ती तारेपासून अलग ठेवावी. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी जसे आपण गव्हाण, मिल, काटा तपासतो, तसे काटा, केनयार्ड, शेतकी आणि लेखा या चारही संगणकांवरून तो फोल्डर उघडून, एक नोंद दुरुस्त करून, ती चौघांना दिसते का हे पाहावे आणि तसे लिहून सह्या कराव्यात. दुरुस्तीच्या पायऱ्या मराठीत लिहून भिंतीवर लावाव्यात, म्हणजे जाणणारा माणूस रजेवर गेला तरी काम अडणार नाही. आणि दर पंधरवड्याला प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर तारीख-वेळेसह छापील यादी लागावी. याला फार पैसा लागत नाही, शिस्त लागते.

सभासदांनीही आपला भाग उचलावा. नोंदीची पावती घ्यावी आणि तीवरची लागणीची तारीख, हंगाम, जात आणि क्षेत्र त्याच दिवशी वाचून बघावे. स्वतः वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी नातीकडून वाचून घ्यावे. फळ्यावरची यादी हंगामापूर्वी एकदा तरी पाहावी. नाव सगळीकडे एकच करून घ्यावे. आणि खिडकीवर "सिस्टीम बंद आहे" असे उत्तर मिळाले, तर रागावू नये, पण निमूट परतही जाऊ नये. "कोणता संगणक, केव्हापासून बंद, आणि कोण दुरुस्त करतंय?" असे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर लेखी तक्रार द्यावी. सर्वसाधारण सभेत आपण साखरेच्या उताऱ्यावर आणि भावावर बोलतो, यावरही बोलावे. कारखान्याचे मालक आपण आहात.

यंदा आबांची नोंद मी स्वतः त्यांच्यासमोर चारही संगणकांवर उघडून दाखवली. चौथ्या ठिकाणी तीच तारीख बघून ते म्हणाले, "आता बरं झालं साहेब. पण गेल्या सालीच हे का नाही झालं?" मी गप्प राहिलो. त्यांचा खोडवा चांगला आहे. त्याची तोडणी वेळेवर होईल, एवढा शब्द मी त्यांना दिला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग